केळवण

"उखाण्याशिवाय पहिला घास नाही हं, श्रीधर!" भास्करच्या आईने ताटाभोवतीची रांगोळी सावरत बजावलं. मुलाच्या जिवलग मित्राचं केळवण आपल्याच घरी व्हायला हवं, हा हट्ट तिचाच होता. वाढायला भास्कर उभा होता.

"वाटीत श्रीखंड, वर केशराची काडी..." श्रीधरने सवयीने भास्करकडे पाहिलं आणि तो अडला. आठ वर्षं दोघांनी कुणाला संशय येऊ दिला नव्हता. लग्नाला हो म्हण, अशी गळ भास्करनेच घातली होती. पण श्रीधरचे डोळे भरून आले आणि तोंडून निसटलं, "भा..."

आईचा हात रांगोळीवरच थांबला.

भास्करने पुऱ्यांचं ताट दाणकन आदळलं. "नलिनी! अरे गाढवा, तुझ्या होणाऱ्या बायकोचं नावही मीच सांगू?"

पंगतीत हशा पिकला. श्रीधरने मान खाली घालून नलिनीचं नाव घेतलं.

"आणि तुझं नाव घेणारी कधी यायची रे?" आईने हसत भास्करला विचारलं.

तो खाली वाकून सांडलेल्या पुऱ्या वेचत राहिला. नाव घेणारा समोरच बसला होता, आणि त्याचं तोंड भास्करनेच बंद केलं होतं.