पन्नास नांगर

कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं, त्या दिवशी निम्मी सांगली बघायला आली. लढाई संपली, सरकारी काम गेलं, आणि सेहेचाळीसच्या दिवाळीआधीच मालकांनी भट्टी विझवली.

"साताऱ्यापासनं मिरजेपतोर आपलाच नांगूर चालतो," लोक एकमेकांना सांगत होते. "आन् ह्यो कारखाना बंद पडतोय?"

नाथाजी वीस वर्षं तिथे नांगर ओतत होता. त्याने मालकांना गाठलं.

"पन्नास नांगरांची मागणी आण," मालक म्हणाले. "नाव आणि अंगठा. दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवतो."

पन्नासच! नाथाजीला हसू आलं. त्याने कागद आणि शाईची डबी घेतली आणि निघाला.

पहिला हरिबा. त्याने नाथाजीला थेट रानात नेलं.

"बगा, आमच्या बाच्या वक्ताचा नांगूर. खडकावर आपटला तरी टवका न्हाई. लय भारी माल तुमचा!"

"मंग येक लिवू?"

"ह्यो मोडंल तवा लिवू की."

"आरं, त्यो मोडत न्हाई!"

"त्येच तर म्हंतोय मी."

कोंडीबाने चहा पाजला. "गावाची अब्रू हाय गड्या, भट्टी पेटलीच पायजे," म्हणाला. शाईची डबी पुढे आली तशी त्याने बोटं धोतराला पुसली. "आदी बाकीच्यांची नावं तर हू द्या."

आठ दिवसांत अकरा गावं झाली. जिथे जावं तिथे कौतुक. फाळ झिजला तर गावचा लोहार पाजवून देई; नांगराला काही होतच नव्हतं. कागद कोराच राहिला.

शेवटी एका चावडीत नाथाजीचं डोकं फिरलं.

"नुसत्या कौतुकानं भट्टी पेटती व्हय रं? आमचा नांगूर, आमचा नांगूर म्हनून छाती फुगवता, आन् येक नवा घ्यायला जीव जातो! लाजा वाटू द्या जरा!"

माणसं खाली मान घालून बसली. अंगठा कुणी दिला नाही.

नवव्या दिवशी तो मेहरुनबीकडे गेला. तिचं हळदीचं रान त्याच्या रानाला लागूनच होतं. नवरा गेल्यापासून ती एकटीच कसत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमी बोलता ते खरं हाय, नाथाभाऊ. मोडायची वाट बगत बसलो तर कारखाना कसा ऱ्हाईल? आना ती डबी."

नाथाजीने घाईघाईने डबी उघडली. त्याने कागद पसरला. मेहरुनबीने अंगठा शाईत बुडवला आणि कागदाकडे बघितलं.

"पर पयलं नाव बाईमानसाचं नगं. तुमच्या नावाखाली लावते. कुठं हाय तुमचं?"

बांधापलीकडे नाथाजीचा नांगर उभा होता. सतरा वर्षांमागे त्याने स्वतःच्या हाताने ओतलेला.

"माजा अजून चांगला..." तो म्हणाला आणि थांबला.

मेहरुनबी शाईचा अंगठा वर धरून उभी होती. कागदावर नाथाजीचं नाव लिहायचं राहिलं होतं.