सोडायची राहिलेली ओळ

१९९९ साली बाईंचे यजमान गेले आणि त्यांनी लिहिलेला श्वासयंत्राचा कर्नेल, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्रॅम, दुरुस्त करायचं काम बाईंकडे आलं. त्यात एका वेळी एकाच कामाला मिळणारं कुलूप, म्हणजे ‘लॉक’, एक काम धरून बसायचं, बाकीची कामं ताटकळायची आणि यंत्र ठप्प व्हायचं.

चाचणीसाठी जोडलेली रबरी पिशवी मात्र तेव्हाही फुगत राहायची, सावकाश, शेवटी जराशी अडखळत.

“बाई, यंत्र बंद, नि ही आपली फुगतेय! हिला कुणी सांगितलं नाही का?” तंत्रज्ञ म्हणाला.

“नळी गळत असेल.”

तो अडखळता श्वास बाईंनी यजमानांच्या उशाशी बसून अकरा दिवस ऐकला होता.

यजमानांकडून कुलूप सोडायची ओळ लिहायची राहून गेली होती, एवढंच. बाईंना ती चूक पहिल्याच दिवशी दिसली. तरी आठवडाभर त्या रोज दुपारी यंत्र अडकू देत आणि पिशवीवर हात ठेवून बसत.

“बाई, तिकडे पेशंट खोळंबलेत हो,” तंत्रज्ञ शेवटी काकुळतीला आला.

उजवा हात पिशवीवर ठेवूनच बाईंनी डाव्या हाताने ती ओळ लिहिली आणि यंत्र सुरू केलं. आतून कुणीतरी त्यांचा तळहात घट्ट धरला, एकदाच, आणि सोडला.

यंत्रं दवाखान्यांत गेली, पुन्हा कधी अडकली नाहीत. तंत्रज्ञाने महिनाभरात नोकरी बदलली. बाई आता सुनेकडे असतात, हसतात, बोलतात. फक्त उजवा हात कुणाला धरू देत नाहीत.