पट्टीचा पोहणारा

"तो हीटर बंद कर गं, बाहेर एवढं ऊन पडलंय," तळ्याकाठी उभ्या गाडीत मागे बसलेल्या मीनाक्षीकाकू सुनेवर कुरकुरल्या. ऋजुताने हीटर चालूच ठेवला, कारण काकूंशेजारी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला वरद अजून कुडकुडत होता. मासे पकडायला म्हणून तो आणि त्याचा मित्र, ऋजुताचा नवरा सुश्रुत, आपापली कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घेऊन नुकताच बर्फ वितळलेल्या तळ्यात गेले आणि वाऱ्याने दोघेही उलटले. ऊन एप्रिलचं होतं, पाणी मात्र अजून जानेवारीतच होतं. वरद तेवढा काठाला लागला. सुश्रुतला शोधणारी बोट आता घाई सोडून सावकाश फिरू लागली होती. ते ऋजुताने पाहिलं होतं, वरदनेही. काकूंच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"येईल रे," काकू वरदच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "लहानपणापासून विहिरीत सूर मारतोय, पट्टीचा पोहणारा आहे तो. अरे, तुला तर हातपायही मारता येत नाहीत. तू आलास ना बाहेर? मग माझा लेक यायचा नाही होय?"

ऋजुताने खिडकीकडे तोंड फिरवलं. वरदने काकूंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"काकू, मला पोहता येत नाही, म्हणून मी लाइफ जॅकेट घातलं होतं. त्याचं इथंच आहे, मागे डिकीत."