आपल्या माणसांना हाक

दोरी रिकामी होती.

वाटाड्याने डोळे चोळले आणि टेकाडावरून पुन्हा पाहिलं. खाली ओढा. ओढ्याच्या मधोमध सरहद्द. पलीकडे धाकट्या बहिणीचं कौलारू घर, अंगण, दोन खांब आणि खांबांमधली ती दोरी. दर आठवड्याला तिच्यावर पिवळी चादर वाळत असायची. चादर दिसली की धाकटी खुशाल. पूल बंद झाल्यापासून भावाबहिणीत एवढाच निरोप उरला होता.

आणि एवढ्या निरोपासाठीच तो लोकांना या मुलखात पायी फिरवायचा. मोटारी घरी ठेवायच्या, शेवटच्या थांब्यावर बसमधून उतरायचं, मग बांधाबांधाने, कुंपणाकुंपणाने चालत राहायचं. सावकाश. हौशी मंडळी त्याला लाडाने 'गोगलगाय' म्हणत. या टेकाडावर तो त्यांना हटकून बसवायचा. सरहद्दीपाशी एकट्या माणसाला उभं राहू देत नसत. माणसं घेऊन आलेल्या वाटाड्याला देत.

गेले काही आठवडे चादर कशीतरी फेकल्यासारखी, एका टोकाला लोंबत होती. हातात जोर उरला नसेल तिच्या. आणि आज तीही नाही. दार बंद. धुराडं थंड.

"गोगलगाय, उठायचं का?" मंडळीतला घामाघूम झालेला दुकानदार म्हणाला. "बस चुकली तर तुमच्या पाठीवर बसून जाईन हं!"

सगळे हसले.

"थोडं थांबू." त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

थांबून थांबून किती थांबणार? ऊन कलंडलं. तो टेकाडाच्या कडेला गेला, तोंडाशी हात नेले.

"ए!" चौकीवरचा शिपाई धावत आला. "हाक मारायची तर आपल्या माणसांना मार. पलीकडे एक शब्द गेला, तर ही वाट कायमची बंद."

त्याने हात खाली घेतले. जिच्यासाठी वाट धरली तीच नसेल, तर वाट ठेवून तरी काय करायचं होतं?

तेवढ्यात पलीकडच्या बांधावर माणसं दिसली. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, मुंगीच्या चालीने येणारी रांग. रांगेच्या पुढे एक बाई. तिच्या खांद्यावर पिवळी चादर.

ओढ्याकडे पाठ करून ती आपल्या लोकांना खणखणीत आवाजात म्हणाली, "बसा हो! इथे मी आता दर आठवड्याला थांबणार! वाट शिकता शिकता घरचं सगळं घाईघाईत उरकावं लागलं, पाय सुजले, पण मी ठणठणीत आहे!"

तिचे लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

वाटाड्याने शिपायाकडे पाहिलं. मग तोही ओढ्याकडे पाठ करून आपल्या माणसांसमोर उभा राहिला. निघेल तेवढा आवाज काढून तो ओरडला, "रात्री पाय गरम पाण्यात सोडून बसा! आणि पुन्हा असा कुणाच्या जिवाला घोर लावू नका!"

दुकानदाराने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग पलीकडे. मग पाठीवरची पिशवी उतरवून त्याने गवतात ऐसपैस मांडी घातली.

"बस गेली खड्ड्यात," तो म्हणाला. "आम्हाला आणखी काय काय सांगायचंय, ते सांगा. सावकाश."