उजवा हात

अहमदपूरच्या स्टँडवर लातूरची गाडी सुटायला पाच मिनिटं होती. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर अर्शी बसली होती. ड्रायव्हर तिचे अब्बा, सरदार. त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता आणि अंगठा बोटांवरून सारखा फिरत होता, तसबीहचे मणी ओढल्यासारखा. हातात तसबीह नव्हती.

अर्शी लातूरला नीटच्या क्लासला होती. मागच्या आठवड्यात सरांनी कायनेज शिकवलं होतं. पेशीच्या आत निरोप पोचवणारी प्रथिनं. त्यांच्याच निरोपावर मेंदूतल्या पेशी तग धरतात. कंपवाताच्या आजारात कधीकधी असलं एक कायनेज बेफाम होतं आणि पेशी मरायला लागतात. माणसाला पत्ता लागत नाही. अक्षर बारीक होतं, हात थरथरायला लागतो, तोवर मेंदूतल्या त्या जागच्या निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात. हे परीक्षेला येणार नाही, असं सर म्हणाल्यावर पोरींनी वह्या मिटल्या. अर्शीने मिटली नाही. होस्टेलच्या फॉर्मवर अब्बांची सही इतकी बारीक आली होती, की क्लार्कने फॉर्म परत केला होता.

ती पुढे वाकली. हे कधीपासून, तिने हळूच विचारलं.

भूकंपापासून, सरदार म्हणाले. किल्लारीला तीन दिवस दगड उपसले, तेव्हापासूनचं आहे.

पण मागच्या रमजानपर्यंत याच हाताने ते अम्मीला सुईत दोरा ओवून देत. नांदेडच्या डॉक्टरला दाखवू, डेपोत सांगू, असं अर्शी म्हणाली. सरदारांनी आरशातून भरलेल्या गाडीकडे पाहिलं.

"स्टेअरिंग धरलं की थांबतो, बेटा. बघ."

त्यांनी चाक धरलं. हात खरंच थांबला.

"आन् एखाद्या दिवशी न्हाई थांबला तर?"

"तुझा मेडिकलला नंबर लागू दे. मग मीच जाऊन सांगतो. तवर कुणाजवळ बोलू नको."

तेवढ्यात एक म्हातारी लहानग्या नातीला कडेवर घेऊन चढली आणि अर्शीशेजारी टेकली. परवाच्या गाडीने लई हाल केले म्हणाली, पोरगी रस्ताभर रडली.

"ह्यो डायवर बरा हाय का गं, माय?"

आरशातून अब्बा तिच्याकडेच बघत होते.

"हाव," अर्शी म्हणाली. "माझे अब्बा हायत."

म्हातारीने नातीला अर्शीच्या मांडीवर दिलं आणि निवांत डोळे मिटले. कंडक्टरने घंटी मारली.