भरतीचा मॅक्रो

मच्छीमार सोसायटीत बाहेरून आलेली एक्सेल फाइल अक्षयाच्या हातून साफ होऊनच पुढे जायची. गेल्या वर्षी अशाच फायलीत दडलेल्या मॅक्रोनं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामनं, सगळे कॉम्प्युटर झोपवले होते. म्हाताऱ्या भिकाजी तांडेलांनी पाठवलेल्या बोटींच्या वेळापत्रकातही मॅक्रो निघाला. उडवण्याआधी तिनं तो वाचला. एकच हिशेब होता: तिथी गुणिले तीन, भागिले चार. तिनं फोन लावला. "तात्या, हे काय लिहिलंत?" "भरतीची वेळ गो! आज षष्ठी. सहाच्या पाऊणपट साडेचार. माझा आजा बोटांवर मोजायचा." "पण मॅक्रो काढावा लागेल. नियमच आहे." "काढ की! भरती काय तुझ्या फायलीला विचारून येते?" मॅक्रो काढून ती खिडकीशी थांबली. बरोब्बर साडेचारला पाणी जेटीच्या वरच्या पायरीला टेकलं आणि थबकलं. तिची बोटं आपोआप मोजू लागली: उद्या सप्तमी, सव्वापाच.