तगरीवरची माशी

"जा, जरा मोकळेपणाने बोला," म्हणत मोठ्यांनी दोघांना अंगणात पिटाळलं. तगरीच्या पानावरच्या बारीकशा माशीकडे बोट दाखवत बघायला आलेला मुलगा म्हणाला, "डास पिल्लू घेऊन बसलाय वाटतं."

किड्यांचा विषय काढायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. त्यापायी दोन स्थळं हातची गेली होती. पण माश्यांवर पीएचडी करणाऱ्या वृंदाला राहवेना. "लुटारू माशी आहे ती. पायांत तुडतुडा धरलाय. सोंड खुपसून आतलं सगळं शोषते, नुसतं कवच ठेवते."

"शी! लग्नानंतर हे किडेबिडे बंद हं. आमच्या आईला नाही खपणार."

दारामागून वृंदाची आई डोळे वटारत होती.

"चालेल," वृंदा हसून म्हणाली.

माशीने तुडतुडा खाली टाकला. बाहेरून तो अगदी धडधाकट दिसत होता.